दोन रेघा आणि एक ठिपका : कोरियन स्वर लिहायला आणि उच्चारायला शिकताना

दक्षिण कोरियाच्या राजधानीचे नाव मराठीत कधी 'सेऊल' असे छापले जाते, तर कधी 'सोल' असे. मूळ कोरियन शब्दात दोन अक्षरे आहेत, पहिले 'सॉ' आणि दुसरे 'उल'. त्यातल्या पहिल्या स्वरासाठी रोमन लिपीत एकटे अक्षर नाही, म्हणून तो 'ई' आणि 'ओ' ही दोन रोमन अक्षरे जोडून दाखवतात. वाचणाऱ्याला हे ठाऊक नसते, तो शब्द भलत्याच ठिकाणी तोडतो आणि 'से-ऊल' असे वाचून मोकळा होतो. म्हणूनच कोरियन शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला माझा पहिला आग्रह असा असतो की रोमन अक्षरांच्या कुबड्या त्याने पहिल्याच दिवशी बाजूला ठेवाव्यात. आपल्याला बाराखडी येते, आणि कोरियन स्वरांची रचना समजून घ्यायला बाराखडी रोमन लिपीपेक्षा कितीतरी जवळची आहे. दोन ठिकाणी मात्र देवनागरीही अपुरी पडते. ती ठिकाणे नीट ओळखली की उरलेले काम हाताच्या आणि ओठांच्या सवयीचे आहे.

या लेखात कोरियन अक्षरे मुद्दामच छापलेली नाहीत. त्यांचे आकार शब्दांत सांगितले आहेत, म्हणजे ती वाचकाने वाचता वाचता स्वतःच्या हाताने काढावीत. गणिताची चौकटीची वही आणि पेन्सिल जवळ असली की पुरे.

कोरियन लिपीला आज हांगुल म्हणतात. जोसॉन घराण्याचा चौथा राजा सेजोंग याने ती १४४३ मध्ये सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेसाठी जाहीर झाली. तोवर कोरियात लिखाण होई ते चिनी लिपीत, आणि ती आत्मसात करायला वर्षानुवर्षांची फुरसत लागे. आपल्या देशाची बोली चिनीहून वेगळी आहे, त्यामुळे साध्या माणसाला मनातले काही सांगायचे असले तरी ते लिहून दाखवता येत नाही, ही खंत राजाने लिपीच्या प्रस्तावनेतच नोंदवली आहे. लिपीचे मूळ नाव 'हुन्मिनजॉंगुम', म्हणजे प्रजेला शिकवण्यासाठीचे योग्य ध्वनी. तिच्यासोबत एक स्पष्टीकरणाचा ग्रंथही तयार झाला होता. त्याच्या उपसंहारात दरबारी पंडित जॉंग इन-जी लिहितो की हुशार माणूस ही अक्षरे सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मंदबुद्धीच्या माणसालाही दहा दिवस पुरतील. हा ग्रंथ कित्येक शतके दृष्टीआड होता. त्याची प्रत १९४० मध्ये सापडली, आणि अक्षरांच्या आकारांमागचा विचार तो रचणाऱ्यांच्याच शब्दांत जगासमोर आला. १९९७ मध्ये युनेस्कोने या ग्रंथाची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली.

स्वरांविषयी त्या ग्रंथात जे सांगितले आहे ते इतके साधे आहे की एकदा वाचले की विसरता येत नाही. सगळे स्वर तीन खुणांपासून बनतात. गोल ठिपका म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे सपाट धरती आणि उभी रेघ म्हणजे ताठ उभा माणूस. पुढे कुंचल्याने भराभर लिहिताना ठिपक्याची लहानशी रेघ झाली, म्हणून आज छापील कोरियनमध्ये ठिपका दिसत नाही, तर मोठ्या रेघेला चिकटलेली आखूड काडी दिसते. ही काडी कुठे चिकटली आहे, एवढेच पाहायचे असते.

आता वहीत एक उभी रेघ काढा. हा 'ई'. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न इथे नाही. 'इ' आणि 'ई' या दोघांचे काम हे एकच अक्षर करते. त्या उभ्या रेघेच्या मध्यावर उजवीकडे आखूड काडी जोडा, झाला 'आ'. तीच काडी डावीकडे जोडली की होतो 'ऑ' सारखा एक स्वर, ज्याच्याकडे मी थोड्या वेळाने येईन. आता एक आडवी रेघ काढा. तिच्या मध्यावर वरच्या बाजूला काडी उभी केली की 'ओ', आणि खालच्या बाजूला लोंबवली की 'उ'. काडीविना नुसती आडवी रेघ हाही एक स्वतंत्र स्वर आहे, आणि आपल्याला सर्वांत जास्त झगडायला लावणारा तोच. अशा तऱ्हेने सहा स्वर झाले. उरलेले चार तर फुकट मिळतात, कारण एका काडीच्या जागी दोन काड्या काढल्या की त्या स्वराच्या आधी 'य' येतो. 'आ'चा 'या', 'ऑ'चा 'यॉ', 'ओ'चा 'यो' आणि 'उ'चा 'यू'. कोरियन मुले हे दहा स्वर आ, या, ऑ, यॉ, ओ, यो, उ, यू, मग आडवी रेघ आणि शेवटी उभी रेघ, अशा क्रमाने म्हणतात. शब्दकोशातही मूळ स्वर याच क्रमाने येतात, म्हणून क्रम पाठ करण्याचा कंटाळा करू नये.

उच्चारांपैकी 'आ', 'ई' आणि 'उ' आपल्या जिभेला काहीच नवीन नाहीत. फक्त 'उ' म्हणताना ओठ मराठीपेक्षा थोडे अधिक पुढे काढावे लागतात. 'ओ' ओळखीचा वाटतो, पण तोही ओठ घट्ट गोल करून म्हणायचा आहे. सेऊलच्या बोलीत तो इतका मिटलेला असतो की नवख्या मराठी कानाला कधी कधी 'उ'च ऐकू येतो. खरे कष्ट दोनच स्वरांवर घ्यायचे आहेत, आणि त्यांच्यावर पहिले आठ दिवस खर्च झाले तरी ते वाया गेले असे समजू नये.

पहिला म्हणजे डावीकडे काडी असलेला. तो देवनागरीत 'ऑ' असा लिहिणे त्यातल्या त्यात बरे, पण तो आपला 'डॉक्टर'मधला 'ऑ' नव्हे. 'डॉक्टर' म्हणताना आपण ओठ गोल करतो. आता जबडा आणि जीभ त्याच जागी ठेवून फक्त ओठांची गोलाई सोडून द्या, ओठ सैल पडू द्या. जो आवाज निघेल तो 'मन' या शब्दातल्या 'अ'कडे झुकलेला पण त्याहून खोल, घशाच्या बाजूने आलेला वाटेल. हाच तो स्वर. चुकायचेच असेल तर 'अ'कडे चुकावे, 'ओ'कडे कधीही चुकू नये, कारण 'ओ' हा कोरियनमध्ये वेगळा स्वर आहे आणि त्याने अर्थ बदलतो. 'खॉ-फी' म्हणजे कॉफी. 'खो-फी' म्हणजे घोळणा फुटून नाकातून येणारे रक्त. 'गॉगी' म्हणजे तिथे, 'गोगी' म्हणजे मांस. आपण 'सॅमसंग' म्हणतो त्यातला 'संग' मूळ 'साम-सॉंग'च्या पुष्कळ जवळ जातो. रोमन स्पेलिंगकडे पाहून कोणी 'सुंग' म्हणू लागला तर तो लांब जातो. कोरियन मालिका पाहणारी आपल्याकडची तरुण मुले थोरल्या बहिणीला 'उन्नी' म्हणतात तेही त्या स्पेलिंगमुळेच. तो शब्द 'ऑन्नी' आहे, ओठ सैल ठेवून म्हटलेला.

दुसरा अवघड स्वर म्हणजे नुसती आडवी रेघ. त्याला या लेखापुरते 'सपाट उ' म्हणू. आरशासमोर उभे राहून 'ऊ' असा लांब आवाज काढा आणि तो न थांबवता ओठांचे कोपरे हळूहळू दोन्ही बाजूंना ओढा, हसताना ओढतो तसे. जीभ मात्र हलू द्यायची नाही, ती मागेच राहिली पाहिजे. ओठ पूर्ण पसरल्यावर जो आवाज उरतो तो 'सपाट उ'. आपण ओठ पसरले की जीभ आपोआप पुढे सरकते आणि 'ई' ऐकू येऊ लागतो. तसे झाले की पुन्हा 'ऊ'पासून सुरुवात करावी. मला स्वतःला हा स्वर आरशाशिवाय जमला नाही, कारण ओठ गोल झालेत की नाही हे आपले आपल्याला कळत नाही, दिसावेच लागते. 'हांगुल' या नावातला 'गु' हा याच स्वराचा आहे, आणि 'हुन्मिनजॉंगुम'मध्ये तर 'जॉं' आणि 'उम' असे दोन्ही अवघड स्वर शेजारी शेजारी बसले आहेत.

या सपाट स्वराचा कोरियनमध्ये एक खास उपयोग आहे, आणि तो कळला की परके शब्द वाचणे सोपे होते. कोरियनमध्ये आपल्यासारखी जोडाक्षरे शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, आणि 'स'सारखा उच्चार अक्षराच्या शेवटी टिकत नाही. त्यामुळे जिथे आपण हलन्त चिन्ह दिले असते किंवा जोडाक्षर केले असते, तिथे कोरियन माणूस सपाट 'उ' घालतो. 'बस' तिथे 'बॉ-सु' होते. 'ख्रिसमस' पाच अक्षरांचा होतो, 'खु-री-सु-मा-सु', आणि त्यातले तिन्ही उकार सपाट असतात. ते ठासून म्हणायचे नाहीत, ओझरते म्हणायचे.

लिहिण्याकडे वळताना बाराखडी फार उपयोगी पडते. मराठीत स्वराची दोन रूपे असतात. शब्दारंभी तो 'आ', 'ई', 'ओ' असा पूर्ण येतो आणि व्यंजनाला लागताना काना, वेलांटी, मात्रा होऊन येतो. कोरियन स्वराला एकच रूप आहे, आणि ते आपल्या काना-मात्रेसारखे परावलंबी आहे. व्यंजनाचा आधार घेतल्याशिवाय ते लिहिताच येत नाही. मग निव्वळ 'आ' लिहायचा कसा? त्यासाठी व्यंजनाच्या जागी एक पोकळ गोल काढतात. अक्षराच्या सुरुवातीला असलेला हा गोल मुका असतो, तो केवळ जागा धरून ठेवतो. ज्यांनी सावरकरांच्या लिपिसुधारणेप्रमाणे छापलेले जुने मराठी मजकूर पाहिले असतील त्यांना 'अि, अी, अु, अू' ही 'अ'ची बाराखडी आठवेल. तिथे 'अ' जे काम करतो तेच कोरियनमध्ये हा गोल करतो. जी सुधारणा आपल्याकडे रुजली नाही, ती त्या लिपीत पहिल्या दिवसापासून आहे, आणि मला ही गोष्ट दर वेळी सांगावीशी वाटते.

गोल आणि स्वर एकमेकांशेजारी कसे बसतात, याचा नियम स्वराच्या आकारावरून ठरतो. उभ्या रेघेचे स्वर व्यंजनाच्या उजवीकडे येतात, आपल्या कान्यासारखे. आडव्या रेघेचे स्वर व्यंजनाच्या खाली येतात, आपल्या उकारासारखे. दोघांनी मिळून एक काल्पनिक चौकोन भरायचा असतो, म्हणून चौकटीची वही हवी. शिरोरेषा देण्याची आपली सवय मात्र आवरायला हवी, कारण वर ओढलेली आडवी रेघ कोरियन वाचकाला नवीनच अक्षर वाटू शकते.

रेघा काढण्याचा क्रम वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. 'आ'मध्ये आधी उभी रेघ आणि मग उजवी काडी. 'ऑ'मध्ये आधी डावी काडी आणि मग उभी रेघ. 'ओ'मध्ये आधी वरची काडी आणि मग आडवी रेघ. 'उ'मध्ये आधी आडवी रेघ आणि मग खालची काडी. एक शब्द सावकाश लिहून पाहू. 'उ-यू' म्हणजे दूध. पहिल्या चौकटीच्या वरच्या अर्ध्या भागात गोल काढा, माथ्यापासून सुरू करून डावीकडून खाली नेत. गोलाखाली, त्याला न चिकटवता, चौकटीच्या रुंदीइतकी आडवी रेघ डावीकडून उजवीकडे ओढा, आणि तिच्या मध्यातून एक काडी खाली सोडा. दुसऱ्या चौकटीत हेच सगळे पुन्हा, फक्त खाली दोन काड्या, आधी डावी आणि मग उजवी. कोरियन दुधाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत हेच छापलेले असते.

निव्वळ स्वरांचे आणखी बरेच शब्द आहेत, आणि सरावाला ते उत्तम. 'ओ-ई' म्हणजे काकडी, 'यॉ-उ' म्हणजे कोल्हा, 'ई-यू' म्हणजे कारण, 'यॉ-यू' म्हणजे सवड. नुसता 'ई' म्हणजे दोन, शिवाय दातही. नुसता 'ओ' म्हणजे पाच. आणि 'आ-ई' म्हणजे मूल. मराठी माणसाच्या तोंडी जो पहिला शब्द असतो, त्याचा तिथे अर्थ मूल असा व्हावा, हा केवळ योगायोग आहे, पण हा शब्द त्यामुळे कायमचा लक्षात राहतो.

दहा मूळ स्वर झाले. एकूण स्वर एकवीस आहेत. उरलेले अकरा जोडस्वर आहेत, आणि इथे शाळेत शिकलेले संधी उपयोगी पडतात. 'आ'ला 'ई'ची उभी रेघ जोडली की 'ए' होतो, 'महा' आणि 'ईश' मिळून 'महेश' होतो तसा. हे साम्य वरवरचे नाही. पंधराव्या शतकात कोरियात हा जोडस्वर 'आय' असाच उच्चारला जाई आणि पुढे त्याचा 'ए'सारखा एकजीव स्वर झाला. पुणे जिल्ह्यात तळेगावला ज्या कंपनीचा कारखाना आहे तिचे नाव आपण 'ह्युंदाई' म्हणतो. कोरियन माणूस 'ह्यॉन-दे' म्हणतो. रोमन स्पेलिंगमध्ये 'आ' आणि 'ई' हे दोन तुकडे वेगळे दिसत राहिले आणि आपण ते तसेच वाचले. त्या एका नावात दोन काड्यांचा 'यॉ' आणि हा संधीचा 'ए' दोन्ही आहेत.

'सु' आणि 'आगत' मिळून 'स्वागत' होते, तसेच 'ओ' आणि 'आ' मिळून 'वा' होतो, 'उ' आणि 'ऑ' मिळून 'वॉ' होतो. कोरियन चलन 'वॉन' यात हाच दुसरा स्वर आहे. 'उ' आणि 'ई' मिळून 'वी'. लिहिताना आधी आडवा स्वर व्यंजनाखाली आणि मग उभा स्वर उजवीकडे येतो. 'वे' असा उच्चार होणारे तर तीन वेगवेगळे जोडस्वर आहेत, आणि आजच्या बोलण्यात ते तिन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. त्यांचे लेखन शब्दागणिक पाठ करावे लागते, जसे आपण 'श' आणि 'ष'चे करतो.

'ऑ'ला 'ई' जोडूनही 'ए' होतो. म्हणजे लिहायचे 'ए' दोन, आणि पूर्वी त्यांचे उच्चारही स्पष्ट वेगळे होते, एक 'ॲ'कडे झुकणारा आणि एक मिटलेला. सेऊलमध्ये आज बहुतेक लोक दोन्ही सारखेच म्हणतात. यातून एक गंमत झाली. 'मी' या अर्थाचा 'ने-गा' आणि 'तू' या अर्थाचा 'ने-गा' यांच्यात फरक होता तो याच दोन स्वरांचा. तो पुसला गेल्यावर संभाषणात घोटाळा होणारच, म्हणून लोक 'तू' म्हणायचे असेल तेव्हा 'नी-गा' म्हणू लागले. लिहिताना अजून जुनेच रूप प्रमाण मानतात. स्वरांची लांबीही अशीच लिखाणात नाही. 'नुन' म्हणजे डोळा आणि 'नुन' म्हणजे बर्फ. दुसऱ्यातला उकार पूर्वी लांबवत, आता तरुण माणसे लांबवत नाहीत, आणि अर्थ संदर्भानेच कळतो.

एका जोडस्वराबद्दल शिकणाऱ्याची नेहमी तक्रार असते, तो म्हणजे सपाट 'उ' आणि 'ई' यांचा. शब्दाच्या सुरुवातीला, आधी दुसरे व्यंजन नसताना, तो दोन्ही तुकड्यांसह एका झटक्यात म्हणायचा, ओठ पसरलेलेच ठेवून. व्यंजनाला लागला की तो नुसता 'ई' होतो. आणि 'चा, ची, चे' या अर्थाचा प्रत्यय म्हणून आला तर बोलताना बहुधा 'ए' होतो. तीन जागा, तीन उच्चार. स्वरांत एवढे एकच अक्षर असे वागते.

आता त्या काडीकडे पुन्हा एकदा पाहू. जुन्या ग्रंथात सांगितले आहे की ठिपका रेघेच्या वर किंवा बाहेर (उजवीकडे) असला की तो स्वर उजळ, आणि खाली किंवा आत (डावीकडे) असला की गडद. म्हणजे 'आ' आणि 'ओ' उजळ, 'ऑ' आणि 'उ' गडद. ही नुसती कविकल्पना नाही, भाषा आजही त्याप्रमाणे चालते. जोडस्वरांत 'आ' आणि 'ऑ' यांपैकी 'ओ' फक्त 'आ'शी जुळला आणि 'उ' फक्त 'ऑ'शी, ते यामुळेच. भूतकाळाचा प्रत्ययही असाच निवडला जातो. मिळणे या अर्थाच्या 'बात' या धातूत 'आ' आहे म्हणून त्याला 'आत्' लागतो, आणि खाणे या अर्थाच्या 'मॉक' या धातूत 'ऑ' आहे म्हणून त्याला 'ऑत्' लागतो. ध्वनिवाचक शब्दांत तर हे फार सुंदर दिसते. लहानसा ओहळ 'जोल-जोल' वाहतो, पाण्याची मोठी धार 'जुल-जुल' वाहते. आपल्याकडे 'झुळझुळ' आणि 'खळखळ' असे वेगळे शब्द योजावे लागतात. तिथे काडी वरून खाली आली की पाणी वाढते.

सेजोंगच्या लिपीत मूळ स्वर अकरा होते. आजच्या दहांखेरीजचा अकरावा म्हणजे नुसता ठिपका. त्याचा उच्चार बहुतेक कोरियातून हरपला आणि १९३३ च्या लेखननियमांत त्याला जागा उरली नाही. दक्षिणेकडच्या जेजू बेटाच्या बोलीत तो अजून ऐकू येतो. पण मोबाइल आल्यावर तो एका अनपेक्षित वाटेने परत आला. बारा कळांच्या कोरियन कीबोर्डचा एक प्रकार 'चॉन-जी-इन' म्हणून ओळखला जातो, म्हणजे आकाश, धरती, माणूस. त्यात सगळ्या स्वरांसाठी मिळून तीनच कळा असतात, उभी रेघ, ठिपका आणि आडवी रेघ. 'आ' हवा तर आधी उभी रेघ आणि मग ठिपका. 'ऑ' हवा तर आधी ठिपका आणि मग उभी रेघ. 'या' हवा तर उभ्या रेघेनंतर ठिपका दोनदा. वहीत ज्या क्रमाने रेघा काढल्या त्याच क्रमाने कळा दाबायच्या. 'आ-ई' लिहायला गोल, उभी रेघ, ठिपका, पुन्हा गोल, पुन्हा उभी रेघ, अशा पाच कळा लागतात.